लस घेतली, डोळा लाल झाला... आता?

लसीनंतर डोळ्याच्या आत सूज येऊ शकते का? येऊ शकते, पण अगदी क्वचित. म्हणून घाबरून लस टाळायची नाही, आणि 'होईल आपोआप बरं' म्हणत डोळ्याकडे काणाडोळाही करायचा नाही. या दोन टोकांच्या मधला शहाणपणाचा रस्ता कुठून जातो, ते पाहू या.

दंडावर लस टोचली की पुढे काय काय होणार, हे आता आपल्याला तोंडपाठ झालंय. हात दुखणार, अंग मोडून येणार, रात्री कणकण वाटणार. मग एक पॅरासिटामॉल, आईचा 'आराम कर रे जरा' असा फोन आणि दुसऱ्या दिवशी बॉसला सिक लीव्हचा मेसेज. २०२१ साली तर ऑफिसातल्या ग्रुपवर याची चक्क स्पर्धा लागायची. 'तुला किती ताप आला?' 'मला काहीच झालं नाही यार, लस खरी होती ना?'

पण या सगळ्या यादीत डोळा कुठेच नसतो. आणि साहजिकच आहे. सुई टोचली दंडाला, तिचा डोळ्याशी काय संबंध?

तर मंडळी, कधी कधी असतो. लस घेतल्यानंतर काही दिवसांत एक डोळा लाल होणं, दुखणं, उजेड सहन न होणं, नजर धूसर होणं अशा तक्रारी घेऊन थोडे लोक नेत्रतज्ज्ञांकडे जातात आणि त्यांना 'युव्हायटिस'चं निदान होतं. म्हणजे डोळ्याच्या आतल्या भागाचा दाह. हे प्रमाण किती कमी आहे, ते पुढे आकड्यांत पाहूच. पण हा आजार आपल्याला ठाऊक असायला हवा याचं एक सरळ कारण आहे. युव्हायटिस हा म्हातारपणाचा आजार नाही. मोतीबिंदू साठीनंतर गाठतो, युव्हायटिस मात्र ऐन नोकरीच्या, ईएमआयच्या आणि डेडलाइनच्या वयात, विशी ते पन्नाशीत, जास्त दिसतो. आणि लसी तर आपण याही वयात घेतोच की! ऑफिसच्या हेल्थ कॅम्पमध्ये फ्लूची, हॉस्पिटलच्या नोकरीसाठी हेपटायटिस बीची, मुली एचपीव्हीची, आफ्रिकेत ऑनसाइट जायचं असेल तर यलो फीव्हरची.

डोळ्यातलं द्राक्ष

आधी हा युव्हायटिस म्हणजे नेमकं काय, ते समजून घेऊ. डोळ्याच्या गोळ्याला तीन थर असतात. बाहेरचा पांढरा आणि टणक. सगळ्यात आतला दृष्टिपटल म्हणजे रेटिना, ज्यावर चित्र उमटतं. आणि या दोन्हींच्या मधला, रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेला थर म्हणजे युव्हिया. लॅटिनमध्ये द्राक्षाला 'युव्हा' म्हणतात. डोळ्याचं बाहेरचं पांढरं आवरण सोलून काढलं, तर आतला हा थर सोललेल्या काळ्या द्राक्षासारखा दिसतो, म्हणून हे नाव. नाशिककरांना वेगळं सांगायला नको!

आरशात तुम्हाला डोळ्यात जो काळा-तपकिरी रंगीत पडदा दिसतो, तो याच थराचा पुढचा भाग. त्याच्या मधोमध बाहुली. पुढच्या भागाला सूज आली की डोळा लाल होतो, ठणकतो, उजेड टोचतो. याला अँटिरियर युव्हायटिस म्हणतात, आणि सर्वाधिक आढळणारा प्रकार हाच. मागच्या भागाला सूज आली तर डोळा फारसा लालही होत नाही, दुखतही नाही. पण डोळ्यांपुढे काळे ठिपके तरंगतात, नजर अंधुक होते. हा प्रकार कमी दिसतो, पण जास्त धोक्याचा, कारण तिथे थेट रेटिनाशीच गाठ असते.

वेळेवर उपचार झाले नाहीत तर काय होतं? सुजलेला रंगीत पडदा मागच्या भिंगाला चिकटतो, मग बाहुली वाकडीतिकडी दिसू लागते. डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. अकाली मोतीबिंदू होऊ शकतो. रेटिनाच्या मध्यभागी पाणी साचून वाचण्याची नजर जाऊ शकते. म्हणजे 'डोळा लाल झालाय, एवढंच ना' असं म्हणून सोडून देण्यासारखं हे प्रकरण नाही.

दंडातली लस डोळ्यात कशी पोहोचते?

ती पोहोचत नाहीच! डोळ्यात जाते ती लस नव्हे, लसीने जागी केलेली आपली प्रतिकारशक्ती.

शरीराची प्रतिकारशक्ती म्हणजे सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन समजा. लस म्हणजे त्याला दाखवलेला चोराचा फोटो. 'हा दिसला की पकड.' बहुतेक वेळा वॉचमन नीट काम करतो. पण एखाद्या वेळी फोटोतल्या चोराचं नाक सोसायटीतल्याच एखाद्या काकांसारखं असतं आणि तो काकांनाच धरतो. लसीतल्या प्रथिनाचा एखादा तुकडा डोळ्यातल्या प्रथिनासारखा असेल तर असा गोंधळ होत असावा, असा एक तर्क आहे. दुसरा तर्क असा, की लसीतले प्रतिकारशक्ती चेतवणारे घटक काही जणांमध्ये एकूणच वातावरण तापवतात, आणि ज्या ठिणग्या आधीपासून राखेखाली होत्या त्या फुलतात. तिसरा तर्क, लसीतले अंश आणि त्यांच्याविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं यांच्या जोड्या रक्तातून फिरत डोळ्यातल्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. यातलं कुठलं कुणाच्या बाबतीत घडतं, हे एकेका रुग्णात सिद्ध करणं कठीण असतं.

गंमत अशी, की एरवी डोळा हा शरीरातला 'नो एंट्री' झोन आहे. १९४८ साली ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावार यांनी दाखवून दिलं, की सशाच्या डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात दुसऱ्या सशाची त्वचा ठेवली तर ती तिथे टिकू शकते. दुसरीकडे कुठे लावली तर शरीर तिला लगेच झिडकारतं. म्हणजे डोळ्यात प्रतिकारशक्ती मुद्दाम सौम्य ठेवलेली असते, कारण इतक्या नाजूक ठिकाणी लाठीचार्ज परवडणारा नाही. युव्हायटिस म्हणजे हीच शिस्त मोडणं. प्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी मेडावार यांना पुढे १९६० साली नोबेलही मिळालं.

आकडे काय म्हणतात?

लस आणि युव्हायटिस यांची जोडी काही कोविडने जमवलेली नाही. हेपटायटिस बीच्या लसीनंतर झालेल्या युव्हायटिसची नोंद 'लॅन्सेट'मध्ये १९८७ सालीच आली होती. पुढे २०१६ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दुष्परिणामांच्या तीन मोठ्या नोंदवह्या चाळल्या. १९८४ ते २०१४ या तीस वर्षांत लसीनंतरच्या युव्हायटिसच्या नोंदी सापडल्या एकूण २८९. त्यात हेपटायटिस बीची लस, एकटी किंवा दुसऱ्या लसींबरोबर दिलेली, सगळ्यात पुढे होती. लस आणि त्रास यांच्यातलं अंतर मध्यमानाने सोळा दिवसांचं होतं.

तीस वर्षं, कोट्यवधी डोस आणि २८९ नोंदी. अर्थात, प्रत्येक जण नोंद करतोच असं नाही, त्यामुळे खरा आकडा यापेक्षा मोठा असणार. आणि उलट बाजूने, नोंद झाली म्हणजे लसच दोषी, असंही नाही. त्यामुळे अशा नोंदवह्या धोक्याची घंटा वाजवतात, निकाल देत नाहीत.

निकालाच्या जवळ जाणारा अभ्यास इस्रायलमधून आला. तिथे डिसेंबर २०२० मध्ये फायझरची कोविड लस द्यायला सुरुवात झाली. छोटा देश, वेगवान मोहीम आणि प्रत्येकाची आरोग्याची फाइल कॉम्प्युटरवर. संशोधकांना आणखी काय हवं? सुरुवातीला तिथल्या डॉक्टरांनी लसीनंतर युव्हायटिस झालेले २१ रुग्ण गोळा करून अहवाल दिला. बहुतेकांना पुढच्या भागाचाच दाह होता आणि तो बहुतांशी सौम्य ते मध्यम होता. पण २१ रुग्णांवरून काय ठरवणार? म्हणून मग तिथल्या सर्वांत मोठ्या आरोग्यसंस्थेची, क्लॅलिटची, आकडेवारी तपासली गेली. पहिला डोस घेतलेले २६ लाख लोक आणि दुसरा डोस घेतलेले २४ लाख. प्रश्न एकच. डोसनंतरच्या २१ दिवसांत युव्हायटिस एरवीपेक्षा जास्त झाला का?

२०२२ मध्ये उत्तर आलं. हो, थोडा जास्त. पहिल्या डोसनंतर अपेक्षेच्या १.४१ पट, दुसऱ्यानंतर १.३१ पट.

आता इथेच न्यूज चॅनल आणि शहाणा वाचक यांच्यातला फरक दिसतो. '४१ टक्क्यांनी वाढ!' अशी ब्रेकिंग न्यूज झाली तर धडकीच भरेल. पण मुळात आजार दुर्मीळ असेल, तर त्यात ४१ टक्के वाढ म्हणजे किती माणसं? संशोधकांच्याच हिशेबाने पहिल्या डोसनंतर एक लाख लोकांमागे साधारण एक जण जास्तीचा. दुसऱ्या डोसनंतर एकाहूनही थोडं कमी. दहा रुपयांच्या कटिंगचे चौदा झाले तरी वाढ चाळीस टक्क्यांचीच असते, पण त्यासाठी कुणी घर विकत नाही!

'नंतर' झालं म्हणजे 'मुळे' झालं?

आता एक छोटं गणित. घाबरू नका, एक्सेल उघडायची गरज नाही.

युव्हायटिस लस न घेणाऱ्यांनाही होतोच. अमेरिकेत उत्तर कॅलिफोर्नियात झालेल्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात वर्षाला एक लाख लोकांमागे सुमारे ५२ नवे रुग्ण आढळले होते. तोच दर धरून चालू. समजा, एका दिवशी एक कोटी लोकांना लस दिली, आणि लसीच्या नावाखाली बाटलीत निव्वळ पाणी होतं. तरीही पुढच्या तीन आठवड्यांत त्यातल्या सुमारे तीनशे जणांना युव्हायटिस होईल. होणारच होता. पण त्या तीनशेंपैकी प्रत्येक जण शपथेवर सांगेल, 'अहो, लस घेतली आणि मग झालं!' आणि तो खोटंही बोलत नसेल.

आता पाण्याऐवजी खरी लस द्या आणि इस्रायलचा हिशेब लावा. तीनशेंमध्ये साधारण शंभराची भर पडेल. म्हणजे चारशे रुग्णांपैकी शंभर 'लसीमुळे' आणि तीनशे 'लसीनंतर'. पण दवाखान्यात समोर बसलेला माणूस त्या शंभरांतला की तीनशेंतला, हे त्याच्या डोळ्यात बघून कुठलाही डॉक्टर छातीठोकपणे सांगू शकत नाही. म्हणून डॉक्टर 'शक्यता आहे' असं म्हणतात, तेव्हा ते हात झटकत नसतात, प्रामाणिक असतात.

ही गोष्ट दोन्ही बाजूंनी लागू होते, हं! व्हॉट्सॲपवरचे काका म्हणतात, लसीनेच झालं. त्यांना दर वेळी हे सिद्ध करता येत नाही. आणि 'लसीने असं काही होतच नाही' म्हणून पेशंटला उडवून लावणारेही चूकच. क्वचित घडणारे परिणाम मोठ्या मोहिमांनंतरच दिसतात, कारण चाचण्यांमध्ये काही हजार लोक असतात आणि लाखात एक घडणारी गोष्ट त्यांत सापडणारच नाही. १९७६ साली अमेरिकेत स्वाइन फ्लूची लस साडेचार कोटी लोकांना दिली, तेव्हा नसांच्या गिलियन बारे आजाराचे लाखामागे साधारण एक जादा रुग्ण दिसले आणि मोहीम थांबवली गेली. लाखात एक इतकी बारीक गोष्टही पकडली जाते. पण त्यासाठी त्या एकाने ती सांगावी लागते आणि कुणीतरी ती लिहून घ्यावी लागते.

डोळे आलेत, की डोळा आतून सुजलाय?

लाल डोळा दिसला की आपल्याकडे निदान ठरलेलं. 'डोळे आलेत.' २०२३ च्या पावसाळ्यात आळंदीपासून सुरुवात होऊन महाराष्ट्रभर जी साथ पसरली, तेव्हापासून तर प्रत्येकाच्या ड्रॉवरमध्ये गॉगल आणि ड्रॉप्सची अर्धी बाटली पडलेली असते. पण डोळे येणं वेगळं आणि युव्हायटिस वेगळा.

डोळे आले की ते खाजतात, चुरचुरतात, चिकट पाणी किंवा घाण येते, सकाळी पापण्या चिकटतात. बहुधा एका डोळ्यात सुरू होऊन दुसऱ्यात जातं. घाण पुसली की नजर बरीचशी साफ असते. घरातल्या, ऑफिसातल्या आणखी कुणालातरी तेच झालेलं असतं.

युव्हायटिसमध्ये चिकट घाण नसते. बहुधा एकच डोळा. खाज नाही, तर आतून ठणका. लाली बुबुळाच्या कडेभोवती जास्त. लॅपटॉपची स्क्रीन, ट्यूबलाइट, दुपारचं ऊन नकोसं होतं. चांगल्या डोळ्यावर टॉर्च मारला तरी दुखरा डोळा कळवळतो. नजर धुक्यातून बघितल्यासारखी. आणि हा आजार संसर्गजन्य नाही. शेजारच्या डेस्कवरच्या मैत्रिणीला तुमच्यामुळे होणार नाही.

आणि इथेच खरी मेख आहे. लसीनंतर डोळा लाल झाला तर आपण दोनपैकी एक गोष्ट करतो. एक, 'लसीचा साइड इफेक्ट आहे, दोन दिवसांत जाईल' म्हणून थांबतो. ताप दोन दिवसांत जातो, हे खरं. युव्हायटिस बहुधा तसा जात नाही, आणि तो वाट बघण्यात जे दिवस घालवतो त्यांची किंमत नजरेने मोजावी लागते. दोन, कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जाऊन म्हणतो, 'काका, डोळे आल्याचा ड्रॉप द्या ना.' काका देतात. त्यात स्टेरॉइड असेल तर लाली उतरते आणि आपण खूश. पण स्टेरॉइड किती ताकदीचं, किती वेळा, किती दिवस, हे कुणी ठरवलेलंच नसतं. डोळ्यात हर्पीसचा संसर्ग असेल तर त्याच थेंबाने आग भडकते. महिनोन् महिने घातला तर काचबिंदू आणि मोतीबिंदू यांना आमंत्रण. चोरपावलांनी वाढणारा डोळ्यातला दाब दुखतही नाही, म्हणून कळतही नाही.

तपासणीत काय होतं?

नेत्रतज्ज्ञ तुम्हाला स्लिट लॅम्प नावाच्या यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसवतात. प्रकाशाची बारीक पट्टी डोळ्यात सोडतात. निरोगी डोळ्याच्या पुढच्या कप्प्यातलं पाणी स्वच्छ असतं. सूज असेल तर त्यात पांढऱ्या पेशी तरंगताना दिसतात. गावाकडच्या घरात कौलातून पडणाऱ्या कवडशात धुळीचे कण नाचताना पाहिलेत ना? अगदी तसं. किती कण, यावरून सूज किती, ते ठरतं. मग डोळ्यातला दाब मोजतात आणि बाहुली मोठी करणारं औषध घालून मागचा पडदा तपासतात. त्या दिवशी स्वतः गाडी चालवत जाऊ नका. येताना सगळं अंधुक दिसेल.

इथे तुमचं एक काम आहे. गेल्या दीड-दोन महिन्यांत कुठली लस घेतली, कोणत्या तारखेला, कितवा डोस, हे सांगा. डॉक्टर विचारायला विसरले तरी सांगा. पण 'लसीमुळेच झालंय' असं निदान घरून ठरवून नेऊ नका. कारण आपल्या देशात युव्हायटिसच्या मागे टीबी लपलेला असू शकतो. सिफिलिस, हर्पीस, टॉक्सोप्लाझ्मा असू शकतात. सकाळी उठल्यावर कंबर आखडते, अर्धा-एक तास सैल होत नाही, असं वर्षभर चाललंय आणि आपण खुर्चीला दोष देतोय? तो मणक्याचा संधिवात असू शकतो, आणि त्याचं युव्हायटिसशी जुनं सख्य आहे. म्हणून गरजेप्रमाणे रक्ततपासणी, छातीचा एक्स-रे, टीबीची चाचणी सांगितली जाते. सगळं तपासून दुसरं काही सापडलं नाही, आणि लस आणि त्रास यांच्या तारखा जुळल्या, तरच बोट लसीकडे वळतं. लसीला घाईघाईने आरोपी केलं, तर खरा आरोपी मोकळा सुटतो.

उपचार? पुढच्या भागाच्या सुजेसाठी स्टेरॉइडचे थेंब, सुरुवातीला अगदी दर तासालाही, मग हळूहळू कमी करत. सोबत बाहुली मोठी ठेवणारे थेंब, म्हणजे पडदा भिंगाला चिकटत नाही आणि ठणकाही कमी होतो. या थेंबांमुळे काही दिवस जवळचं वाचता येत नाही, त्यामुळे प्रेझेंटेशन दुसऱ्या कुणावर सोपवा. सुट्टी टाका. आणि मुख्य म्हणजे 'बरं वाटतंय' म्हणून मध्येच थेंब बंद करू नका; सूज दुप्पट जोराने परत येऊ शकते. वेळेत गाठलं तर पुढच्या भागाचा दाह बहुधा काही आठवड्यांत पूर्ण शमतो. मागच्या भागाचा असेल तर गोळ्या किंवा इंजेक्शनं लागू शकतात.

पुढचा डोस घ्यायचा का?

लाखमोलाचा प्रश्न. उत्तर एका वाक्यात मिळत नाही, कारण ते तीन गोष्टींवर ठरतं. सूज किती गंभीर होती, दुसरं काही कारण सापडलं का, आणि ज्या रोगासाठी लस घ्यायची आहे त्याचा तुम्हाला धोका किती. हेपटायटिस बीचा दुसरा डोस राहिलेली नर्स आणि घरून काम करणारा कोडर यांचा हिशेब वेगळा असणार. म्हणून हा निर्णय नेत्रतज्ज्ञ आणि फिजिशियन यांनी मिळून, तुमच्याशी बोलून घ्यायचा. डोळा आधी पूर्ण शांत होऊ देणं, डोसनंतर काही दिवसांनी डोळा तपासून घेणं, गरज वाटली तर डोसच्या आसपास थेंब सुरू ठेवणं असे मधले मार्ग असतात.

ज्यांना आधी कधी युव्हायटिस होऊन गेलाय त्यांनी जास्त सावध राहायचं. दक्षिण कोरियात असा इतिहास असलेल्या सुमारे पावणेपाच लाख लोकांची माहिती तपासली गेली. कोविड लसीनंतर तीन महिन्यांत ८.६ टक्के लोकांमध्ये सूज परतली, असं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. युव्हायटिस हा मुळातच परत परत येणारा आजार आहे, त्यामुळे ही सगळी टक्केवारी लसीच्या नावावर टाकता येणार नाही. पण अशा व्यक्तीने लसीआधी आपल्या डोळ्यांच्या डॉक्टरांना एक फोन करावा, इतकं यातून नक्की निघतं.

दुसरी बाजूही बघा

डोळा आणि लस यांचं नातं फक्त भांडणाचं नाही. उलट, लसींनी वाचवलेल्या डोळ्यांची गिनती करायला बसलो तर हा अंक पुरणार नाही.

भारतात देवीची पहिली लस टोचली गेली ती आपल्या मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. त्या काळात देवी ज्यांचा जीव सोडायची, त्यांतल्या कित्येकांचे डोळे घेऊन जायची. ती लसही काही साधी नव्हती. टोचलेल्या जागी खाजवून तोच हात डोळ्याला लावला तर डोळ्यात फोड यायचे. तरीही लोकांनी ती घेतली, आणि देवीच गेली.

१९४१ साली सिडनीतले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्याकडे जन्मतःच मोतीबिंदू असलेली बाळं एकामागून एक येऊ लागली. त्यांनी ७८ बाळांची माहिती मांडली आणि सांगितलं, की यांच्यातल्या बहुतेकांच्या आईला गरोदरपणात रुबेला झाला होता. आज आपल्याकडे बाळांना गोवर-रुबेलाची लस मिळते, महाराष्ट्रात २०१८ मध्ये त्याची मोठी मोहीमही झाली. आणि एक कमाल बघा. फुक्स नावाचा युव्हायटिसचा एक चिवट प्रकार रुबेलाच्या विषाणूशी जोडला जातो. अमेरिकेत १९६९ साली रुबेलाची लस आली, आणि त्यानंतर जन्मलेल्या पिढ्यांमध्ये हा प्रकार कमी झालेला संशोधकांना दिसला. म्हणजे ज्या युव्हायटिसची भीती म्हणून आपण लसीकडे संशयाने बघतोय, त्याचाच एक प्रकार एका लसीने मागे रेटलाय!

लाखात एकाला होणारा त्रास त्या एकासाठी शंभर टक्के असतो, हे मान्य. म्हणूनच त्याला 'आकडेवारीत तू नगण्य आहेस' असं सांगून भागत नाही. त्याला लवकर निदान, योग्य थेंब आणि आपली तक्रार लिहून घेणारा माणूस हवा. आणि उरलेल्या ९९ हजार ९९९ जणांना हवी ती लस, आणि लाल डोळ्याकडे बघण्याची थोडी अक्कल.

चौकट : डेस्कवर चिकटवून ठेवा

● लसीनंतर हात दुखणं, ताप, थकवा : दोन-तीन दिवस वाट बघायला हरकत नाही.

● लसीनंतर किंवा एरवीही डोळा लाल आणि दुखरा, उजेड सहन न होणं, धूसर नजर, अचानक वाढलेले काळे ठिपके : वाट बघू नका. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. चष्म्याच्या दुकानातली नंबर तपासणी म्हणजे डोळ्याची तपासणी नव्हे.

● कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर ती लगेच काढा आणि डॉक्टरांना तसं सांगा.

● मनाने किंवा मेडिकलवाल्याच्या सल्ल्याने स्टेरॉइडचे थेंब घालू नका. ड्रॉवरमधली जुनी बाटली कचऱ्यात टाका.

● लसीचं नाव, तारीख, डोस यांचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

● आधी युव्हायटिस, मणक्याचा संधिवात किंवा दुसरा ऑटोइम्यून आजार असेल तर लस घेण्याआधी डॉक्टरांना सांगा. टाळू नका, सांगा.

● त्रास झाला तर नोंद करा. जिथे लस घेतली तिथे किंवा जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात कळवता येतं. औषधं आणि लसींच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या राष्ट्रीय फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रमाचा टोल फ्री नंबर आहे १८००-१८०-३०२४. तुमची एक नोंद पुढच्या लाखभर लोकांच्या कामाची असते.